धंदेवाईक संघ आणि आपल्या जिल्ह्याचा खो-खो

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ह्या वर्षी आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा नेहमीप्रमाणे मंडळाच्या स्थापनेचा वा वसतिगृहाचा इतिहास आम्ही लिहून द्यावा अशी त्यांची अपेक्षा असावी. तो विषय मागील अंकांतून पुष्कळदा येऊन गेला आहे. शिवाय 19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागृहात भारतीय महिलांनी नेपाळचा 78 विरुद्ध 40 गुणांनी पराभव करून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला आणि त्या संघात धाराशिवकडून खेळणारी अश्विनी शिंदे होती, ही वार्ता ऐकल्यापासून आमच्या मनात एक जुनी गोष्ट सलत आहे. तिचा उल्लेख लेखाच्या शेवटी येईल. तत्पूर्वी थोडा मागचा इतिहास पाहणे अवश्य आहे.

आमच्या विद्यार्थिदशेत ‘धंदेवाईक खेळाडू’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरीत. तमाशातील नाच्या, सर्कशीतील कसरतपटू आणि पैसे घेऊन खेळणारा गडी ह्यांना लोक एकाच पंक्तीला बसवीत. खेळ हा हौसेचा, फार तर शरीरसंवर्धनाचा. त्याबद्दल मोबदला घेणे म्हणजे विद्या विकण्यासारखे, असा समज होता. अर्थात असे बोलणारे गुरुजी स्वतः विद्या शिकवून दरमहा वेतन घेत होते, आणि पुढे आम्हीही घेतले! आज त्याच गोष्टीस ‘व्यावसायिक’ असा भारदस्त शब्द आला आहे, व तो उच्चारताना कोणी नाक मुरडीत नाही. शब्दाच्या ह्या पालटात सव्वाशे-दीडशे वर्षांचा सामाजिक इतिहास आहे.

अमेरिकेत 1869 साली सिनसिनाटी शहराच्या बेसबॉल संघाने आपले सर्व खेळाडू उघडपणे पगारावर ठेवले. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या नियामक संस्थेने खेळाडूस पैसे देण्यास 1885 साली मान्यता दिली आणि 1888 मध्ये बारा संघांची पहिली साखळी सुरू झाली. हे संघ बहुतांशी गिरण्या-कारखान्यांच्या गावांतले. ज्या मजुराची शनिवारची मजुरी खेळापायी बुडे, त्याने ती भरून मागितली, एवढ्या साध्या मागणीतून हा व्यवसाय जन्मास आला. ज्यांस मजुरी बुडण्याची भीती नव्हती, त्या सुखवस्तूंनी मात्र ‘पैसे घेणे हे खेळास कमीपणा आणणारे’ असा आक्षेप घेतला. इंग्लिश क्रिकेटमध्ये हौशी खेळाडूंस ‘सद्गृहस्थ’ आणि पगारी खेळाडूंस नुसतेच ‘खेळाडू’ म्हणत. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, आणि कित्येक मैदानांत उतरण्याची दारेही वेगळी. हा भेद 1962 सालच्या अखेरीस अधिकृतपणे रद्द झाला. सोवळे-ओवळे फक्त आपल्याच देशात होते अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक अवघड रूपाने आला. पुण्याच्या युरोपियन क्लबात खेळपट्टीची देखभाल करण्याबद्दल पाळवणकर बाळू ह्यांस दरमहा चार रुपये मिळत. साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करता करता हा चर्मकार समाजातील तरुण देशातील अव्वल डावखुरा गोलंदाज बनला. हिंदूंच्या संघास युरोपियनांशी सामना खेळावयाचा होता, तेव्हा बाळूंस घ्यावे की नाही ह्यावर वाद झाला. अखेर घेतले, पण चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. ह्याच बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना कधीही लाभले नाही. तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांस 1923 मध्ये मिळाला. मुंबईतील ते प्रसिद्ध सामने हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन व ‘इतर’ अशा जमातवार संघांत होत, आणि 1946 नंतर ते बंद पडले. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस थोडे अवघडल्यासारखे होते, परंतु लिहिणे प्राप्त आहे. जमातीच्या नावावर संघ उभा राहतो तेव्हा प्रेक्षक उदंड मिळतात. पण बाळूंना चेंडू टाकता आला, आणि पंक्तीला बसता आले नाही.

त्या काळी आपला उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि मुंबई-पुण्याच्या मैदानांवरील गोष्टी येथे उशिरा पोहोचत. आम्हांस वडीलधाऱ्या मंडळींकडून ऐकावयास मिळे ते हैदराबादच्या फुटबॉलचे वर्णन. हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या वर्षांत आपला जिल्हा हैदराबाद राज्यातच मोडत असे. 1956 च्या नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात आला. त्या संघाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शालेय शिक्षक. त्यांच्याच शिक्षणाखाली भारताने 1951 व 1962 च्या आशियाई सामन्यांत फुटबॉलचे सुवर्णपदक पटकावले. एका मास्तराने हे केले ह्याचा आम्हांस, मास्तर ह्या नात्याने, किती अभिमान वाटतो हे निराळे सांगावयास नको.

रहीम साहेबांच्या संघातील गडी खेळाबद्दल पगार घेत नव्हते. ते पोलिसांचा पगार घेत होते. आपल्या देशात व्यावसायिक खेळाचे पहिले रूप हे असे आडवळणाचे झाले. खेळाडूस नोकरी द्यावयाची, ड्युटीत सवलत द्यावयाची आणि त्याने संस्थेच्या नावाने खेळावयाचे. मुंबईच्या कबड्डीत व खो-खोत ‘व्यावसायिक संघ’ ह्याचा अर्थ कित्येक वर्षे एवढाच होता, की रेल्वेचा, बँकेचा, गिरणीचा अथवा कारखान्याचा संघ. स्पर्धांत त्यांचा ‘व्यावसायिक गट’ वेगळा असे. गावाकडच्या पोरास चढाई चांगली येते एवढ्यावर परळ-लालबागेत त्याच्या घरची चूल पेटली, अशी उदाहरणे थोडी नव्हती. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाबरोबर ही वाटही अरुंद होत गेली. पुढे शासनाने 2005 मध्ये प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा खेड्यातील मुलामुलींना पुन्हा एक दार उघडले.

आता खो-खोकडे वळू. ह्या खेळास आजच्या स्वरूपाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली घालून दिले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जर्मनीत देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, तेव्हा हे खेळ परदेशी लोकांच्या नजरेस पडले. पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाड्यास प्रथम भरली, आणि लगेच पुढील वर्षी कोल्हापुरास स्त्रियांचीही. हे साल वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे. मुली व मुलगे ह्यांच्यात फक्त एका वर्षाचे अंतर पडले, इतकी उदारता त्या काळच्या धोतर-टोपीतील संघटकांनी दाखविली होती.

आपल्यासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात हा खेळ का रुजला, ह्याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. क्रिकेटला बॅट, पॅड, चेंडू लागतात. फुटबॉलला बूट लागतात. खो-खोला दोन लाकडी खांब, थोडी फक्की आणि दगड वेचलेली जमीन पुरते. नऊ गडी बसवले की आठ जण मधल्या पाटीवर एकाआड एक तोंडे करून बसतात व नववा पाठलागास निघतो. गावच्या सुताराने पै न घेता खांब तासून द्यावेत आणि मुलांनी सुटीच्या दिवशी खडे वेचावेत, असे मैदान आम्ही स्वतः तीन गावांत तयार केले. अनवाणी खेळणाऱ्या मुलास येथे कमीपणा नव्हता, आणि परकर-पोलक्यातील मुलीसही नव्हता. पुढे धाराशिव शहरात ह्या खेळाची शास्त्रशुद्ध शिकवण सुरू झाली. चंद्रजित जाधव ह्यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी तेथे मुलींच्या पिढ्या घडविल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच आपल्या शहरात भरली, तेव्हा सांध्यांच्या दुखण्यास न जुमानता आम्ही एक पूर्ण दिवस तेथे बसून होतो.

ह्या मातीतून वर आलेले सर्वांत मोठे नाव सारिका काळे हिचे. 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले तेव्हा तीच कर्णधार होती. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार बावीस वर्षांनी आला होता. त्या वेळी तिने वृत्तपत्रांस जे सांगितले, ते आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. जवळजवळ दहा वर्षे घरात एक वेळचेच जेवण असे. 2016 मध्ये, म्हणजे देशाचे कर्णधारपद भूषविले त्याच वर्षी, घरच्या अडचणींमुळे तिने खेळ सोडण्याचे ठरविले होते. प्रशिक्षकांनी समजूत घातली म्हणून ती मैदानावर परतली. पुढे तिला शासनाच्या क्रीडा खात्यात नोकरी मिळाली आणि अर्जुन पुरस्काराच्या वेळी ती तुळजापुरास क्रीडा अधिकारी होती. देशाच्या कर्णधारास एक वेळचे जेवण, आणि नोकरी लागल्यावर स्वास्थ्य! व्यावसायिक खेळाच्या अर्थशास्त्रावर ह्याहून बोलका पुरावा कोणता?

आता पैसा आला आहे, हेही सांगितले पाहिजे. 2008 साली क्रिकेटच्या साखळीचे आठ संघ मिळून बहात्तर कोटी डॉलरांच्या वर विकले गेले, आणि भारतात संघ ही विकत घेण्याची वस्तू आहे हे व्यापाऱ्यांस उमगले. 2014 मध्ये कबड्डीची साखळी आली. ज्या खेळाला शहरी लोक ‘हुतूतू’ म्हणून हसत, तो रात्री दूरचित्रवाणीवर घरोघर दिसू लागला. खो-खोची ‘अल्टिमेट’ साखळी 14 ऑगस्ट 2022 रोजी पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली. सहा संघ; मालकांत अदानी, जीएमआर ह्यांसारखे उद्योगसमूह, मुंबईच्या संघामागे पुण्याचे उद्योजक पुनीत बालन आणि गायक बादशाह, तर ओडिशाचा संघ खुद्द तेथील सरकारचा. ज्या महाराष्ट्रात खेळाचे नियम जन्मास आले, तेथील शासनास असे काही सुचले नाही, हे जाता जाता नोंदवितो.

ह्या व्यवहाराची रीत साधारण अशी आहे. मालक साखळीस शुल्क भरतो व त्याबदली एका शहराचे वा प्रांताचे नाव वापरण्याचा हक्क घेतो. उत्पन्न मुख्यतः वाहिनीने दिलेल्या मोबदल्याचे आणि जाहिरातदारांचे. तिकिटाचा पैसा त्या मानाने गौण. म्हणून पहिल्या वर्षी सगळे सामने पुण्यातच झाले तरी कोणाचे अडले नाही. ओडिशाचा संघ आपल्या प्रांतात एकही सामना न खेळता विजेता ठरला! 4 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात त्याने तेलुगू संघास 46 विरुद्ध 45 असे एका गुणाने हरविले. पूर्वी संघ गावाचा असे आणि मग त्याला प्रेक्षक मिळत. आता प्रेक्षक आधी मोजतात आणि त्यांच्यासाठी गाव निवडतात.

कॅमेऱ्यासाठी खेळही बदलला. मातीच्या जागी चटई आली, उघड्या आकाशाच्या जागी छप्पर आले. दिशा बदलण्याची मोकळीक असलेला ‘वजीर’ नावाचा गडी आला; सूर मारून बाद केल्यास जादा गुण ठरले. आमच्यासारख्या जुन्या माणसास वजिराची कल्पना प्रथम रुचली नाही, कारण एकदा घेतलेली दिशा न सोडणे हा खो-खोचा प्राण आहे असे आम्ही मुलांना शिकवीत आलो. पण सामने पाहिल्यावर कबूल करावे लागते की वेग वाढला आणि डोळ्याचे पाते लवू देऊ नये असे काही क्षण पहावयास मिळाले. खेळाडूंस श्रेणीप्रमाणे लाख ते पाच लाख रुपये मिळाले. क्रिकेटच्या मानाने ही चिल्लर आहे. परंतु ज्या मुलाचा बाप सालगडी आहे त्याच्या घरी तीन आठवड्यांच्या खेळाचे एक लाख रुपये येणे ही चिल्लर नव्हे. गावात त्या घराकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा काय करतो?’ ह्यास ‘खेळतो’ हे उत्तर चालू लागले, ह्याला आम्ही सामाजिक परिणाम समजतो.

मात्र ‘मुलगा’ हा शब्द आम्ही वर जाणूनबुजून लिहिला. पुण्याचा 2022 चा हंगाम आणि कटकचा 2023-24 चा हंगाम, हे दोन्ही केवळ पुरुषांचे होते. सहा संघांत एकही स्त्री खेळली नाही. ज्या खेळात 1960-61 मध्येच मुलींची राष्ट्रीय स्पर्धा भरली, त्या खेळात पैशाचे दार उघडले तेव्हा मुली उंबऱ्याबाहेर राहिल्या. आपल्या जिल्ह्याचे नाव खो-खोत गाजले ते प्रामुख्याने मुलींमुळे. म्हणजे साखळी आली, पण आपल्या अंगणातील गुणवत्तेस तिचा लाभ फारसा झाला नाही. स्त्रियांच्या खेळास प्रेक्षक नाहीत ही सबब आता टिकत नाही, कारण 2023 साली महिला क्रिकेटचे पाच संघ 4,669 कोटी 99 लक्ष रुपयांस विकले गेले. क्रिकेटमध्येही त्यासाठी पुरुषांनंतर पंधरा वर्षे जावी लागली, ही गोष्ट वेगळी.

परंतु मालकांस आणि वाहिन्यांस बोल लावण्यापूर्वी आमचा स्वतःचा हिशोब दिला पाहिजे. लेखाच्या आरंभी जिचा उल्लेख केला ती गोष्ट अशी.

1991 साली आम्ही जिल्हा परिषदेच्या एका शाळेवर होतो आणि आपल्या मंडळाच्या तालुका शाखेचे चिटणीसपदही आमच्याकडे होते. शाळेत सातवीत एक मुलगी होती. आपल्याच ज्ञातीतील, वडील दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. खांबाजवळ पळताना ती अशी काही हुलकावणी देई की पाठलाग करणारा गडी खांबास मिठी मारून थांबे. तिची निवड जिल्ह्याच्या संघात झाली. सामने औरंगाबादला होते. प्रवास आणि बुटांसाठी दोनशे रुपयांची गरज होती. वडिलांनी मंडळाकडे अर्ज केला. तो आम्हीच लिहून दिला होता, कारण त्यांना लिहिता येत नव्हते.

कार्यकारिणीची सभा एका सभासदांच्या दुकानाच्या माडीवर झाली. ‘विद्यार्थी साहाय्य निधी हा शिक्षणासाठी आहे,’ असे एकाने म्हटले. ‘पोरीला पळवायचे पैसे मंडळाने द्यायचे का?’ असे दुसऱ्याने म्हटले आणि मंडळी हसली. आम्ही हसलो नाही, पण बोललोही नाही. इतिवृत्तात ‘खेळाकरिता साहाय्य देण्याची तरतूद घटनेत नसल्याने अर्ज नामंजूर’ ही ओळ आमच्याच हस्ताक्षरात आहे. दोनशे रुपये आमच्या पगारातून देता आले नसते असे नव्हे. त्या महिन्यात घरी पाहुणे होते, मुलाची फी होती, अशी कारणे आम्ही स्वतःला दिली. मुलगी गेली नाही. दिवाळीनंतर शाळेतही आली नाही, आणि पुढील उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी आली. लग्नास गेलो तेव्हा तिने वाकून नमस्कार केला व म्हणाली, ‘गुरुजी, मैदानाची फक्की आता कोण आखतं?’ आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही.

ते इतिवृत्ताचे पुस्तक शाखेच्या कपाटात अद्याप आहे. दिल्लीचा अंतिम सामना पाहिला त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन ते काढले. पान जीर्ण झाले आहे, शाई मात्र स्पष्ट आहे. मंडळाच्या बक्षीस समारंभात गेली कित्येक वर्षे आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांस शाली व पेले देत आलो. त्यांत एकही खेळाडू नाही, ही गोष्ट यादी चाळली की कोणासही दिसेल. घटनेतील ‘शैक्षणिक साहाय्य’ ह्या शब्दांपुढे ‘व क्रीडाविषयक’ एवढे दोन शब्द घालावेत, आणि निधीचा एक भाग प्रवासखर्च, बूट व आहार ह्यांकरिता राखून त्यात मुलींच्या अर्जांस अग्रक्रम द्यावा, असा लेखी ठराव आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. घटनादुरुस्तीस उपस्थितांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात, आणि वार्षिक सभेस भोजनापूर्वी किती सभासद येतात हे आपण सारे जाणतोच. विषयपत्रिकेत हा ठराव सहावा आहे. तो भोजनापूर्वीच घ्यावा अशी विनंती आम्ही अध्यक्षांस केली आहे.